आर्ट्स मुलींचं, मेकॅनिकल मुलांचं... हे ठरवलं कुणी?

आपल्या हॉस्टेलमध्ये काही वाक्यं अशी आहेत की त्यावर कधी वाद होत नाही. "मेसची आमटी पातळ आहे" हे पहिलं. "एम-थ्री निघता निघत नाही" हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे, "आर्ट्स काय राव, मुलींचं असतं!"

गावाकडचा मित्र टपरीवर भेटला आणि त्याने शिरूरला किंवा दौंडला बी.ए.ला ॲडमिशन घेतलीय असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "का रे, बारावीला काय घोळ झाला?" तेच एखाद्या मुलीने आर्ट्स घेतलं म्हटलं की प्रश्नच नाही. "बरं झालं. बी.एड. करेल, मग लग्न होऊन जाईल." म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच बाकावर बसून मुलगा वाया गेलेला असतो आणि मुलगी मार्गी लागलेली असते! आणि हीच मुलगी उलटी फिरून मेकॅनिकलला आली तर? तर वर्कशॉपच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मागून आवाज येतो, "हिला फाइलिंग झेपणारे का?"

ही वाक्यं आपण इतक्या सहज बोलतो की ती खरी आहेत की खोटी हे तपासायचं राहूनच जातं. मित्रहो, आपण इंजिनिअर होणार आहोत. निदान मोजमाप तरी करू या.

केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण करतं. त्याच्या २०२०-२१ च्या अहवालात देशभरात बी.ए. करणारे सुमारे १ कोटी ४ लाख विद्यार्थी आहेत आणि त्यात मुली आहेत साधारण ५३ टक्के. आता अभियांत्रिकीची पदवी बघा. सुमारे ३७ लाख विद्यार्थी, त्यात मुली साधारण २९ टक्के. त्यातही कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सला मुली बऱ्या संख्येने दिसतात. मेकॅनिकलला आलं की मुली मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आपल्याच वर्गाचं हजेरीपत्रक काढून बघा ना.

आता सांगा, तोल कुठे गेलाय? ५३ आणि ४७ याला कुणी "मुलींचं" म्हणत असेल तर त्याने एकदा तराजू बघून यावा. जिथे दोन पारडी जवळजवळ समान आहेत त्याला आपण नाव ठेवतो. आणि जिथे एक पारडं जमिनीला टेकलंय तिथे आपण स्वतः बसलोय, त्याला मात्र "नॉर्मल" म्हणतो. या लेखात मला एवढंच सांगायचंय. बिघडलेला तोल आर्ट्सच्या वर्गात नाही, आपल्या वर्कशॉपमध्ये आहे. तो कुणाच्या आवडीनिवडीने बिघडलेला नाही. निम्मा घरच्या हिशोबाने बिघडलाय आणि निम्मा आपल्या सवयींनी.

यावर कुणी म्हणेल, "देशाचं राहू दे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात जाऊन बघ, वर्गात सगळ्या मुलीच दिसतात." दिसतात, खरं आहे. शिरूरचं चांदमल ताराचंद बोरा कॉलेज घ्या नाहीतर दौंडचं किसनदास गुलाबचंद कटारिया कॉलेज घ्या, दोन्ही तालुक्यांतल्या पिढ्याच्या पिढ्या या दोन कॉलेजांतून बाहेर पडल्या. आपल्यापैकी निम्म्यांचे काका, मामा, मावश्या तिथल्याच. पण अशा तालुक्याच्या कॉलेजात वर्गात डोकावताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पटावरची संख्या वेगळी आणि बाकावरची वेगळी. आर्ट्सला नाव असलेले कितीतरी मुलगे सकाळी वर्गात नसतात. कुणी रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या एम.आय.डी.सी.त शिफ्टला, कुणी उसाच्या लागणीला, कुणी दुधाच्या गाडीवर. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचं मोठं ठाणं, त्यामुळे भरतीचं वेड इकडे आधीपासूनचं. त्यांची सकाळ ग्राउंडवर सोळाशे मीटर पळण्यात जाते. म्हणजे मुलगा आर्ट्सला आहे, पण कमवतोही आहे. वर्गात उरतात त्या मुली, आणि त्या नियमित येतात, कारण कॉलेज ही त्यांना घराबाहेर पडायची मिळालेली एकच परवानगी असते. ती एक दिवस बुडवली तर दुसऱ्या दिवशी "मग काय करायचंय रोज जाऊन" असं ऐकून घ्यावं लागतं. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो, "बघ, सगळ्या मुली!"

आता घरच्या हिशोबाकडे वळू. मुलीने आर्ट्स घेतलं म्हणजे तिला आवड होती, असं आपण धरून चालतो. काहींना असतेच, आणि असावीच. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, मराठी हे काही उरलेसुरले विषय नाहीत. पण आमच्या शिरूर तालुक्यातल्या घरात मी जे बघितलं ते सांगतो. माझ्या चुलत बहिणीला दहावीला माझ्याहून जास्त टक्के होते, गणितात तर बरेच जास्त. मी सायन्स घेऊन क्लासला पुण्यात राहिलो. ती तालुक्याला आर्ट्सला गेली. घरात कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. "पोरीला कुठं लांब पाठवायचं" एवढं एक वाक्य झालं आणि विषय संपला. तिला काय हवंय हा प्रश्न निघालाच नाही, कारण तो निघायच्या आत उत्तर तयार होतं.

असं घर एकट्याचं नसतं. आजूबाजूला विचारून बघा, हिशोब चार गोष्टींचा असतो. पैसा, अंतर, वेळ आणि लग्न. पैशाचं सरळ आहे. दोन लेकरं आणि एकाचीच फी परवडत असेल तर ती कुणाची भरायची हे आपल्याकडे विचारावं लागत नाही. कर्ज मुलाच्या नावाने काढतात, कारण तो फेडणार. मुलगी फेडायच्या वेळी दुसऱ्याच्या घरी असणार, असं गणित.

अंतराचं बघा. शिरूर असो की दौंड, पुणं सत्तरेक किलोमीटर. शिरूरला रेल्वे नाही, सगळा भार एस.टी.वर आणि नगर रोडच्या ट्रॅफिकवर. दौंडला जंक्शन आहे, पुण्याला रोज अप-डाऊन करणारे हजारो आहेत, पण संध्याकाळची गाडी लेट झाली की घरी पोचायला रात्र. मुलगा रात्री दहाला आला तर "दमला असेल." मुलगी दहाला आली तर सगळी आळी जागी. आणखी एक बारीक गोष्ट. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट मिळतो, पण तो बारावीपर्यंत. बारावीनंतर पास आहे सवलतीचा, पण पैसे भरून. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं, हे चांगलंच झालं. तरी ज्या घरात मुलीचं पुढचं शिक्षण आधीच तळ्यात-मळ्यात असतं, तिथे बारावीनंतरचा हा छोटासा खर्चही "बास झालं आता" म्हणायला पुरतो. तालुक्याचं कॉलेज जवळ, फी कमी, दुपारी घरी परत. म्हणून आर्ट्स! त्यात आवडीचा भाग किती आणि बसच्या वेळापत्रकाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

लग्नाचं तर विचारूच नका. इंजिनिअरिंगला चार वर्षं, त्यात एखादी ए.टी.के.टी. म्हणजे पाच. तोवर मुलगी तेवीस-चोवीसची होणार, आणि तिला तिच्याहून जास्त शिकलेला मुलगा शोधायचा कुठून? म्हणून तीन वर्षांत उरकणारी पदवी बरी. आता गंमत बघा, हाच हिशोब मुलांच्या अंगावर कसा उलटतो. ज्या गावात मुलीला "मार्गी लावायला" आर्ट्सला पाठवतात, त्याच गावात बी.ए. करून शेती बघणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. पेपरात फोटो आले, आपण हसलो. पण त्या हसण्यामागे मुलींच्या घटलेल्या जन्माची गोष्ट होती, आणि "बी.ए. झालेला शेतकरी म्हणजे अपयशी" या आपल्याच शिक्क्याचीही होती. शिक्का मुलीवर मारला म्हणून शाई तिच्यापुरतीच राहत नाही.

बरं, हे सगळं पूर्वापार चालत आलंय का? अजिबात नाही. दीडशे वर्षांपूर्वी आर्ट्स हा पुरुषांचा बालेकिल्ला होता. टिळक, आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, तेव्हा कॉलेजात मुलगी ही कल्पनाच नव्हती. १८८० च्या दशकात नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी तिथे पोचल्या, त्या कॉलेजातली पहिली मुलगी म्हणून. पुढे त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्या काळी कुणी म्हणत नव्हतं की काव्य-इतिहास हे नाजूक, बायकी विषय आहेत. उलट बायकांना तर्क, इतिहास, संस्कृत झेपणार नाही असं म्हणत होते! कारण त्या काळी आर्ट्सच्या पदवीवर सरकारी नोकरी, वकिली, मास्तरकी, वर्तमानपत्र हे सगळं उभं होतं. पैसा आणि मान तिकडे होता तोवर ते पुरुषांचं. पैसा आणि मान इंजिनिअरिंगकडे आला, मग इंजिनिअरिंग पुरुषांचं आणि आर्ट्स मुलींचं! विषय तेच आहेत. बदलला तो पगार. याच पुण्यात आगरकरांनी "सुधारका"तून मुला-मुलींना एकच शिक्षण द्या आणि एकत्र द्या असं ठणकावून लिहिलं होतं. आगरकर गेले १८९५ साली. आपण अजून "मुलींची ब्रँच कुठली" यावर चर्चा करतोय.

आणि यंत्राचं म्हणाल तर लांब जायला नको. दौंड तालुक्यातच केडगावला चला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली आणि बायका गोळा करून केडगावला आणल्या, त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे या बायका शेती करत, विणकाम करत, आणि छापखानाही चालवत. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात या बायकांच्या हातांनी छापलं गेलं. छापखाना हे त्या काळचं मोठं तंत्रज्ञान होतं, आजच्या भाषेत हायटेक! ज्यांना अक्षरओळखही नव्हती, ज्या उपासमारीतून वाचल्या होत्या, त्यांनी ते शिकून घेतलं. त्यांना "झेपणारे का" असं विचारणारं मागे कुणी नव्हतं, हे त्यांचं नशीब. दौंड-पुणे गाडीने आपण किती वेळा केडगाव स्टेशनवरून पास झालो असू?

दुसरं उदाहरण शिरूर तालुक्यातलं, पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलामुलींना हाताने काम करत शिकवायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या बाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब झाल्या त्यातली एक या पाबळला आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आश्रमाने शाळांसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला, त्यात वेल्डिंग-बांधकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे विभाग आहेत, आणि ते सगळ्यांनी करायचे असतात. मुलीने वेल्डिंगचा होल्डर धरायचा, मुलाने स्वयंपाकघरातलं आणि रक्तगट तपासणीचं काम शिकायचं. "हे तुझं, हे माझं" असा विषयच ठेवलेला नाही. आठवी-नववीची पोरं जे करतात, ते आपल्याला तिसऱ्या वर्षाला जमू नये?

आपल्या क्षेत्रातली नावंही आठवा. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत पोलादी पुलांची क्वाड्रिकॉन ही पद्धत विकसित केली. त्यातला एक सुरुवातीचा पूल १९७२ साली हिमाचलमधल्या स्पितीत उभा राहिला. सुधा मूर्तींची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागल्या, त्याही पुण्यात. आज त्याच कंपनीच्या, म्हणजे टाटा मोटर्सच्या, पुण्यातल्या कारखान्यात गाड्या जोडणारी एक संपूर्ण लाइन महिला चालवतात. पोस्टकार्डापासून असेंब्ली लाइनपर्यंत यायला जवळपास पन्नास वर्षं लागली. बायकांचे हात या पन्नास वर्षांत बदलले नाहीत. बदलली ती जाहिरात.

आता आपल्या सवयींकडे येऊ. मेगा प्रोजेक्टचा ग्रुप बघा. चार जण, त्यात एखादी मुलगी. मॉडेल मुलं बनवणार, फॅब्रिकेशनला भोसरीला मुलं जाणार आणि रिपोर्ट? "तुझं अक्षर चांगलंय", "तुझं इंग्लिश चांगलंय", "तू पी.पी.टी. कर." चार वर्षांत तिने लेथला हात किती वेळा लावला हे कुणी मोजत नाही. मग व्हायवात एक्स्टर्नलने मशीनचा प्रश्न विचारला आणि ती अडखळली की आपलं ठरलेलं, "बघ, मुलींना प्रॅक्टिकल येत नाही." आणि उत्तर आलं तर? "मुलगी म्हणून सोप्पं विचारलं!" म्हणजे कौल कुठलाही लागो, निकाल तोच.

गॅदरिंगला पाहुणे आले की पुष्पगुच्छ कोण देणार? मुली. सूत्रसंचालन? मुली. मांडव, साउंड, जनरेटर? मुलं. रांगोळी मुली, रोबोट मुलं. यात कुणी कुणावर जबरदस्ती केली असं नाही, पण दरवर्षी तीच वाटणी होत असेल तर ती आपोआप होत नाही, आपण करतो. रांगोळीत सममिती काढणाऱ्या मुलीला मशीन ड्रॉइंगची सममिती कळत नाही, असं कसं मानायचं?

आणि हॉस्टेल. हा मुद्दा लिहू नको असं दोघातिघांनी सांगितलं, म्हणून मुद्दाम लिहितो. बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत मुलींच्या हॉस्टेलचं गेट संध्याकाळी सात-आठला बंद होतं आणि मुलांच्या हॉस्टेलचं गेट नावालाच असतं. परीक्षेच्या दिवसांत वाचनालयात रात्री बारापर्यंत बसून जुने पेपर सोडवणार मुलं, मुली रूमवर. वर्कशॉप, लॅब संध्याकाळनंतर उघडी असली तरी ती फक्त मुलांसाठीच उघडी. मग स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या टीममध्ये मुली का नसतात, असं आपण साळसूदपणे विचारतो. गाडी रात्री बनते हो! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्वच्छ म्हटलंय की सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. रेक्टर मॅडमवर माझा अजिबात राग नाही. उद्या काही झालं तर पालक त्यांनाच जाब विचारणार, हे मान्य. पण काळजी वाटत असेल तर रस्त्यावर दिवे लावा, वाचनालय ते हॉस्टेल वॉचमन द्या. कुलूप हा काळजीचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे आणि त्याची किंमत एकट्या मुलींनी मोजायची, हे काही बरोबर नाही.

इथे मुलांचा एक नेहमीचा आक्षेप येतो, तो टाळणार नाही. "मुलींना ३० टक्के आरक्षण आहे, शिवाय २०२४ पासून फी माफ. मग अजून काय पाहिजे?" आक्षेप रास्त वाटतो, म्हणून नीट बघू. प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत, आणि २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिक मागास, एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. आय.आय.टी.नींही २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या, आणि जादा म्हणजे जादाच, मुलांच्या जागा न कापता. पण आरक्षण दारापर्यंत आणतं. घरातून दारापर्यंतचा रस्ता आणि दाराच्या आतली वागणूक आरक्षणाच्या हातात नाही. फी माफ झाली तरी हॉस्टेल आणि मेसचा खर्च राहतोच, आणि आपल्या भागातल्या घरांना खरी धास्ती त्या "बाहेर राहण्याची" असते. शिवाय मोठा प्रश्न म्हणजे ही योजना किती घरांना माहीत आहे? ती माहीत होईपर्यंत बारावीच्या मुलीचं नाव बी.ए.च्या यादीत लागलेलं असतं.

परदेशात याचं उलटं चित्र आहे, तेही गमतीशीर. अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेजं असतात. छोटी, निवासी, साहित्यापासून गणितापर्यंत सगळं शिकवणारी. तिथे मुली इतक्या जास्त झाल्या की ओहायोतल्या केनयन कॉलेजच्या प्रवेशप्रमुख बाईंनी २००६ साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून कबुली दिली. मुलामुलींचा तोल राखायचा म्हणून चांगल्या चांगल्या मुलींना नकार द्यावा लागतो, कारण मुली फार झाल्या की कॉलेजची ओढ कमी होते अशी भीती असते. बघा म्हणजे! मुली कमी असतात तेव्हा कुणाची झोप उडत नाही, जास्त झाल्या की तोल आठवतो. आपल्याकडेही हा शब्द आता आलाय. लवळ्याला लाखो रुपये भरून शिकलं की ते "लिबरल आर्ट्स", आणि शिरूरला एस.टी.चा पास काढून शिकलं की ते "आर्ट्स, मुलींचं." अर्थशास्त्रातली मागणी-पुरवठ्याची रेघ मात्र दोन्हीकडे सारखीच वाकते.

नुसती टीका करून लेख संपवला तर तुम्ही म्हणाल, आणखी एक भाषण झालं. म्हणून चार गोष्टी सुचवतो, चारही बिनपैशाच्या नाहीतर फार थोड्या पैशाच्या.

पहिली, प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये कामाची पाळी लावा. ज्याने रिपोर्ट लिहिला तो पुढच्या टप्प्यात मशीनवर, जो मशीनवर होता तो रिपोर्टवर. गाइड सरांनी फक्त कोणी काय केलं याची एक नोंद मागितली तरी काम होईल. आणि मुलांनो, रिपोर्ट लिहायला शिकाल तर नोकरीत तुमचाच फायदा आहे.

दुसरी, वाचनालय आणि लॅबची वेळ दोन्ही हॉस्टेलना एकच ठेवा. बारापर्यंत तर दोघांना बारापर्यंत, दहापर्यंत तर दोघांना दहापर्यंत. मग बघा, वेळ वाढवायला मुलं स्वतःच अर्ज करतील!

तिसरी, शिरूर आणि दौंडच्या आर्ट्सच्या विद्यार्थ्यांबरोबर एन.एस.एस.चं एखादं शिबिर एकत्र करा. गावाचं पाण्याचं सर्वेक्षण घ्या. लेव्हल लावून उंची आपण मोजू, पण विहीर कुणाची, पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे घरोघर विचारायची रीत भूगोल आणि समाजशास्त्राच्या मुलामुलींना आपल्यापेक्षा चांगली येते. २०२० चं शैक्षणिक धोरणही विद्याशाखांच्या भिंती पाडायच्या म्हणतं. धोरणाची वाट कशाला बघायची? एकदा त्यांच्याबरोबर आठ दिवस काम केलं की "टाइमपास" हा शब्द परत तोंडात येणार नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महत्त्वाची. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या ज्युनिअर कॉलेजात एक तास द्या. अकरावी-बारावीच्या मुलींना सी.ई.टी. म्हणजे काय, कॅप राउंड कसा असतो, फी माफीला कुठले दाखले लागतात, आणि ते आधीच काढून ठेवायचे असतात, हे सांगा. जमल्यास त्यांच्या वडिलांनाही भेटा. हॉस्टेल कसं असतं हे त्यांना तिथे राहणाऱ्याकडून ऐकलं तर जास्त पटतं. आणि हे ऐकूनही एखादीने इतिहासच घ्यायचा ठरवला तर तिला शुभेच्छा द्या, ती तिची निवड. एखाद्या मुलाने मराठी घ्यायचं ठरवलं तर त्यालाही. सगळ्यांनी इंजिनिअर व्हावं असं मी म्हणतच नाही, झालेल्यांनाच नोकऱ्या पुरत नाहीत! जो जिथे जाईल तो ठरवून जावा, ढकललेला नसावा, एवढंच.

केडगावच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले त्याला शंभर वर्षं उलटून गेली. पाबळच्या मुली आज वेल्डिंग करतायत. दोन्ही ठिकाणं आपल्या हॉस्टेलपासून तासा-दोन तासांवर आहेत. तेव्हा पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये मागून "हिला झेपणारे का" असा आवाज आला, तर वळून बघा, आणि त्यालाच विचारा, "तुला रिपोर्ट लिहायला झेपणारे का?"

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)